सात अल्बम, एक क्रमवारी: ‘वुल्व्ह्ज इन द थ्रोन रूम’ची यादी नीट कशी लावायची

गेल्या श्रावणात नाशिकच्या कॉलेज रोडला चहा पिता पिता आम्ही चौघांनी ‘वुल्व्ह्ज इन द थ्रोन रूम’ या अमेरिकन ब्लॅक मेटल बँडच्या सात अल्बमची क्रमवारी कागदावर उतरवली. दहा मिनिटांत चार याद्या तयार. चारही याद्यांत ‘सेलेस्टाइट’ तळाला. तो शेवटचा कधी ऐकला, असं मी विचारलं. दोघांनी तो अर्ध्यात सोडला होता, तिसऱ्याने कधी लावलाच नव्हता, आणि मी स्वतः तो चार वर्षांपूर्वी कसारा घाट चढणाऱ्या बसमध्ये, इंजिनाच्या घरघरीत ऐकला होता. म्हणजे चारपैकी एकालाही तो अल्बम कसा आहे हे धड माहीत नव्हतं, तरी निकाल एकमताने लागला.

मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला काम करते. मायक्रोमीटर शून्यावर न आणता कुणी माप लिहिलं, तर तिथे तो कागद धरत नाहीत. गाण्यांना माप लावता येत नाही हे मला मान्य आहे. पण ऐकण्याची परिस्थिती सारखी ठेवता येते, आणि अ‍ॅटमॉस्फेरिक ब्लॅक मेटलमध्ये (वेगवान, कर्कश मेटलचा लांबलचक, वातावरण उभारणारा प्रकार) नेमकी तिथेच चूक होते. हे संगीत भोवतालाला फार लवकर चिकटतं. धुक्यात ऐकलेला अल्बम मोठा वाटतो, रिक्षात ऐकलेला विरून जातो. पुढच्या सगळ्या पायऱ्या सातही अल्बमना सारखी संधी मिळावी म्हणून आहेत. तुमचा लाडका बँड दुसरा असेल तरी पायऱ्या याच. तीन ते चार आठवडे हाताशी ठेवा.

टप्पा १: यादीत कोण बसतं, हे आधी ठरवा

आधी कागदावर नावं आणि सालं लिहा:

डायडेम ऑफ ट्वेल्व्ह स्टार्स (२००६)
टू हंटर्स (२००७)
ब्लॅक कॅस्केड (२००९)
सेलेस्टियल लिनिएज (२०११)
सेलेस्टाइट (२०१४)
थ्राइस वोव्हन (२०१७)
प्रायमॉर्डियल अर्काना (२०२१)

ही सात पूर्ण लांबीची स्टुडिओ रेकॉर्डिंग. ‘मॅलेव्होलंट ग्रेन’ (२००९) आणि ‘क्रिप्ट ऑफ अ‍ॅन्सेस्ट्रल नॉलेज’ (२०२३) हे ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड आहेत, ते बाहेर ठेवा. दोन गाण्यांचं रेकॉर्ड आणि तासाभराचं रेकॉर्ड एका तागडीत घातलं की छोटं जिंकतं, कारण त्याला कंटाळा आणायला वेळच मिळत नाही. लाइव्ह रेकॉर्डिंगही बाहेर.

खरा प्रश्न ‘सेलेस्टाइट’चा. तो ‘सेलेस्टियल लिनिएज’चा जोडीदार म्हणून केलेला सिंथेसायझरचा अल्बम आहे. त्यात ब्लास्ट बीट (ड्रमचा अतिवेगवान मारा) नाहीत, किंकाळ्या नाहीत. पुष्कळ जण तो यादीत घेतात आणि मग ड्रम नाहीत म्हणून शेवटी टाकतात. म्हणजे त्याचा निकाल ऐकण्याआधीच लागलेला असतो. तुमच्या कसोटीत ड्रम अनिवार्य असतील तर त्याला यादीतून पूर्ण काढा आणि सहाचीच यादी करा. वातावरण धरून ठेवतो का, एवढीच कसोटी असेल तर त्याला आत घ्या आणि मग गिटार-ड्रमचा विषय काढू नका. मी त्याला आत घेते.

दुसरा घोळ २००७, २००९ आणि २०११ च्या अल्बमचा. हे तीन मिळून त्रयी आहे, असं बँडनेच म्हटलेलं आहे. त्यामुळे लोक तिघांना शेजारशेजारच्या जागा देऊन मोकळे होतात. त्रयी बनवणाऱ्याची असते. यादीत तिघांना वेगवेगळं उभं राहू द्या.

*तपासा:* प्रत्येक अल्बमची एकच आवृत्ती ठरवलीत का? ‘प्रायमॉर्डियल अर्काना’च्या काही आवृत्त्यांत शेवटी ‘स्कायक्लॅड पॅसेज’ हे जास्तीचं गाणं आहे. ते धरायचं की नाही हे आत्ताच लिहून ठेवा. मी धरत नाही. ‘इओस्त्रे’ या गाण्यावर संपणारा अल्बम आणि त्यानंतरही चालू राहणारा अल्बम मनात वेगवेगळे उरतात.

टप्पा २: साधनं आणि आवाज

या टप्प्याचा लोकांना कंटाळा येतो आणि सगळ्यात जास्त याद्या इथेच बिघडतात.

मोठा आवाज कानाला चांगला वाटतो. दोन अल्बम एकाच पातळीवर नसतील तर जोरात मास्टर केलेला पहिल्याच मिनिटात बाजी मारतो आणि आपल्याला वाटतं की याचे रिफच (गिटारच्या परत परत येणाऱ्या ओळी) जास्त ताकदीचे. स्पॉटिफायवर ऐकत असाल तर ऑडिओ नॉर्मलायझेशन चालू करा, ऍपल म्युझिकवर साउंड चेक. स्वतःच्या फाइल किंवा सीडी असतील तर प्रत्येक अल्बममधला ब्लास्ट बीटचा एक भरगच्च तुकडा लावा, तो कानाला सारखा लागेल अशी आवाजाची खूण शोधा आणि ती अल्बमच्या नावापुढे लिहून ठेवा. पंधरा मिनिटांचं काम आहे. ‘सेलेस्टाइट’साठी ब्लास्ट बीट मिळणार नाही, तिथे सिंथचा सगळ्यात दाट भाग घ्या.

मग हे बंद करा: शफल, क्रॉसफेड, ऑटोप्ले, इक्वलायझर, बेस बूस्ट. क्रॉसफेड, म्हणजे एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळणं, विशेष घातक. ‘टू हंटर्स’ची सुरुवात ‘डेआ आर्टिओ’ या वाद्यसंगीताने होते आणि त्यातून ‘व्हास्टनेस अँड सॉरो’ उसळतं. ती कड क्रॉसफेडने बोथट झाली की अल्बमचा अर्धा जीव गेला. गॅपलेस प्लेबॅक (दोन गाण्यांमध्ये खंड न पडणं) मात्र चालू हवा.

हेडफोन कोणतेही चालतील, पण सातही अल्बमना तेच. चार अल्बम चांगल्या हेडफोनवर आणि तीन स्कूटरवर कानात खुपसलेल्या इयरबडवर, असं केलंत तर हेडफोनची क्रमवारी लागते. फोनच्या स्पीकरवर ऐकूच नका. ट्रेमोलो गिटारच्या (एकच सूर भराभर छेडत राहणाऱ्या) भिंतीमागे कीबोर्डचा जो पातळ थर असतो, तो तिथे पोहोचतच नाही, आणि या बँडचं निम्मं काम त्या थरातच असतं.

*सावधान:* जागतिक आरोग्य संघटनेचा प्रौढांसाठीचा निकष ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास असा आहे. आवाज वाढवला की हे तास झपाट्याने घटतात. ऐकून उठल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त होता. दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या आणि खूण खाली आणा. थकलेल्या कानाला झांजांचा त्रास होतो आणि त्याचं खापर अल्बमवर फुटतं.

टप्पा ३: वेळ आणि जागा

नाशिकमध्ये राहणाऱ्यांना हा मोह ठाऊक आहे. जुलैत अंजनेरीवर ढग उतरलेले असतात, ब्रह्मगिरी दिसेनासा होतो, आणि वाटतं की हे संगीत इथेच ऐकायचं. मी ‘टू हंटर्स’ पहिल्यांदा अंजनेरीवर ऐकला. त्यानंतर सहा वर्षं तो माझ्या यादीत पहिला होता आणि मी कधी शंकाही घेतली नाही. पण त्या पहिल्या नंबरातला किती वाटा अल्बमचा आणि किती ओल्या कातळाचा, हे मला सांगता येत नव्हतं. बाकीचे सहा मी त्या कातळावर ऐकलेच नव्हते.

म्हणून क्रमवारीसाठी डोंगर नको. घरातली एक खोली, एक खुर्ची, दिवसाची एक वेळ.

वेळ निवडताना शहराचं वेळापत्रक बघा. गणपतीच्या आधीचे काही आठवडे टाळा. ढोलपथकांचा सराव सुरू असतो आणि नाशिक ढोलाचा ठोका बंद खिडकीतूनही छातीवर येतो. त्याखाली अल्बमचे खालचे ड्रम दबतात. लग्नसराईही तशीच. भर पावसाळा मनाला योग्य वाटतो, पण पत्र्यावर पडणारा पाऊस ट्रेमोलो गिटार आणि झांजांच्याच पट्ट्यात आवाज करतो आणि त्यांना झाकून टाकतो. उन्हाळ्यात पंखा लागतो, तोही सतत घूं घूं करतो. उरतो हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पंखा लावावा लागत नाही आणि रात्री दहानंतर गल्ली शांत असते. मी रात्री दहाची वेळ धरली. फर्स्ट शिफ्ट असेल त्या आठवड्यात यादीचं काम बंद ठेवलं, कारण पहाटे उठलेल्या माणसाला रात्री दहाला प्रत्येक संथ भाग लांबलेला वाटतो.

घरच्यांना आधी सांगून ठेवा. पहिल्या दिवशी मी सांगितलं नव्हतं. ‘डायडेम’ चालू असताना आई दोनदा दार उघडून पाहून गेली आणि मला दोन्ही वेळा मागे जावं लागलं. ती बैठक मी रद्द धरली.

*तपासा:* जेवून किमान तासभर झाला आहे का? फोन विमान मोडवर आहे का? गाणी आधी डाउनलोड केली आहेत का? अल्बमच्या मध्यात बफरिंग झालं तर ती बैठक धरू नका.

टप्पा ४: ऐकण्याचा क्रम चिठ्ठ्यांनी ठरवा

सालवार ऐकू नका. सालवार ऐकलं की आपण नकळत प्रगतीची किंवा घसरणीची गोष्ट रचू लागतो आणि मग प्रत्येक अल्बम त्या गोष्टीत बसवतो. आवडता आधी आणि नावडता शेवटी, हेही नको. सात चिठ्ठ्या करा, वाटीत टाका, घरातल्या कुणाला तरी काढायला सांगा. निघालेला क्रम लिहा आणि बदलू नका.

एका दिवशी एकच अल्बम. सातांची एकूण लांबी साडेपाच तासांच्या आसपास भरते, त्यामुळे रविवारी एका बैठकीत उरकता येईल असं वाटतं. तसं केलंत तर चौथ्या अल्बमनंतर तुम्ही काहीही ऐकत नसता.

टप्पा ५: पहिली फेरी आणि दोन अक्षरं

हातात कागद-पेन्सिल घ्या. दहापैकी गुण देऊ नका. लाडक्या बँडच्या बाबतीत सगळे गुण साडेसात ते नऊमध्ये अडकतात आणि त्यातून काही निघत नाही.

मी दोनच अक्षरं लिहिते, वेळेसह. ‘ह’ म्हणजे हरवले. ‘स’ म्हणजे सुटलं.

या दोन्हींमधला फरक ओळखणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यात नाजूक काम आहे. अ‍ॅटमॉस्फेरिक ब्लॅक मेटलमध्ये एकच रिफ पाच-पाच मिनिटं फिरतो आणि मन भटकतं. मन भटकू देणं हाच त्या रचनेचा हेतू असतो. भटकून तुम्ही संगीताच्या आतच कुठे तरी पोहोचलात, वेळेचं भान गेलं, पुढचा बदल आला तेव्हा अंगावर काटा आला, तर ते ‘ह’. भटकून तुम्ही उद्याच्या डब्यात, ऑफिसच्या मेलमध्ये किंवा गॅस बुक करायच्या विचारात पोहोचलात, तर ते ‘स’. दोन्ही वेळा लक्ष गिटारवर नव्हतं, पण पहिल्यात अल्बमने तुम्हाला नेलं आणि दुसऱ्यात सोडून दिलं. हा फरक न करता ‘मध्ये कंटाळा आला’ असं लिहिणारे लोक या शैलीतले सगळ्यात चांगले भाग उणे धरतात.

अक्षर त्या क्षणी लिहू नका. परत भानावर याल तेव्हा घड्याळ पाहून लिहा. ‘टू हंटर्स’च्या शेवटच्या, सुमारे अठरा मिनिटांच्या गाण्यात माझ्या कागदावर एकच ‘ह’ आहे, आणि तो गाणं संपल्यावर लिहिलेला आहे.

*सावधान:* एखादं गाणं फार आवडलं म्हणून मागे नेऊन पुन्हा लावू नका. ‘सेलेस्टियल लिनिएज’च्या सुरुवातीला ‘थूजा मेगस इम्पेरियम’मध्ये गायिका जेसिका केनीचा आवाज येतो तेव्हा हात आपोआप फोनकडे जातो. जाऊ देऊ नका. तुम्ही अल्बमची क्रमवारी लावताय, गाण्यांची नाही.

अल्बम संपला की पाच मिनिटं शांत बसा आणि दोनच वाक्यं लिहा: काय उरलं, कुठे सुटलं. तुलना अजून नको. ‘हा आधीच्यापेक्षा बरा’ असं काही लिहिलं असेल तर खोडा.

टप्पा ६: दुसरी फेरी, उलट क्रमाने

चिठ्ठ्यांचा क्रम उलटा करा आणि पुन्हा सात रात्री. पहिल्या फेरीत जो अल्बम सुरुवातीला आला होता तो आता शेवटी येईल, त्यामुळे ताजेपणाचा फायदा वाटला जातो. या फेरीत गाण्याचे शब्द समोर ठेवायला हरकत नाही. पहिल्या फेरीत मात्र ते नकोत, डोळे वाचू लागले की कान मागे पडतो.

दोन्ही फेऱ्यांचे कागद शेजारी ठेवा. कारखान्यात एकाच तपासनिसाला तोच जॉब, म्हणजे तोच सुटा भाग, दोनदा मोजायला देतात आणि दोन मापं जुळतात का पाहतात. इथेही तेच. ‘स’ दोन्ही वेळा साधारण त्याच जागी पडला असेल तर तो दोष अल्बमचा. एकदाच पडला असेल तर बहुधा तुमचा दिवस वाईट होता.

मला मोठा धक्का इथे बसला. ‘ब्लॅक कॅस्केड’ माझ्याकडे कायम सहावा असायचा. चार गाणी, सुमारे पन्नास मिनिटं, एकही स्त्री-स्वर नाही, सजावट जवळपास नाही. तो मला कोरडा वाटायचा. दोन फेऱ्या मिळून त्यावर एकही ‘स’ निघाला नाही. तो मी आजवर फक्त कामावर जाता-येता ऐकला होता आणि त्याचा सगळा जोर रस्त्याच्या आवाजात मिसळून गेला होता. उलट ‘थ्राइस वोव्हन’वर दोन्ही वेळा त्याच दोन जागी ‘स’ पडला. अ‍ॅना फॉन हाउस्वोल्फ या गायिकेचा आवाज येतो ते भाग मला अतिशय प्रिय आहेत, आणि त्या प्रेमापोटी मी पूर्ण अल्बमला वरची जागा देत आले होते.

टप्पा ७: जोड्या लावा

आता क्रमवारी. सातांकडे एकदम पाहू नका, एका वेळी दोन घ्या. सात अल्बमच्या २१ जोड्या होतात. सात ओळी आणि सात रकान्यांचा तक्ता आखा आणि प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारा:

आत्ता या दोनपैकी एकच पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला मिळणार असेल, तर कोणता लावू?

जो निवडाल त्याच्या नावापुढे एक रेघ. उत्तर अर्ध्या मिनिटात आलं नाही तर दोन्हींचे कागद वाचा. तरीही नाही आलं तर ती जोडी कोरी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी या. बरोबरी मान्य करू नका. जोड्याही यादीच्या क्रमाने न घेता इकडून तिकडून उचला, नाही तर एकाच अल्बमचं नाव सलग सहा वेळा येतं आणि सहाव्या वेळी त्याचा कंटाळा येतो.

*तपासा:* सगळ्या रेघांची बेरीज २१ यायला हवी. नाही आली तर एखादी जोडी सुटली आहे किंवा दोनदा मोजली गेली आहे. बेरीज बरोबर असेल तर प्रत्येकाच्या रेघा पाहा. तुमचा निर्णय सरळ असेल तर ६, ५, ४, ३, २, १, ० असे सात वेगवेगळे आकडे येतात आणि तीच तुमची क्रमवारी. दोन अल्बमना सारख्या रेघा आल्या असतील तर तक्त्यात कुठे तरी चक्र आहे, म्हणजे पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्याला हरवलं आहे.

टप्पा ८: चक्र सुटलं नाही तर

माझ्या तक्त्यात वरच्या तिघांना पाच-पाच रेघा आल्या. ‘टू हंटर्स’ने ‘ब्लॅक कॅस्केड’ला हरवलं, ‘ब्लॅक कॅस्केड’ने ‘सेलेस्टियल लिनिएज’ला, आणि ‘सेलेस्टियल लिनिएज’ने ‘टू हंटर्स’ला. अशा वेळी लोक चिडून जुनीच यादी पुढे करतात किंवा तिघांना संयुक्त पहिला नंबर देतात. दोन्ही करू नका. चक्र आलं म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही मधेच प्रश्न बदललेला असतो.

प्रत्येक जोडीपुढे निवडीचं कारण एका शब्दात लिहा. माझी कारणं होती: शेवट, ड्रम, आवाज. पहिल्या जोडीत मी अठरा मिनिटांच्या शेवटच्या गाण्याला मत दिलं, दुसरीत बँडचा ड्रमर एरन वीव्हरच्या ड्रमला, तिसरीत जेसिका केनीच्या गाण्याला. पूर्ण अल्बमला एकदाही नाही. तिघांना लागोपाठ तीन रात्री, त्याच वेळेला, पुन्हा ऐका आणि प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवून तीनच जोड्या परत सोडवा. माझ्याकडे ‘सेलेस्टियल लिनिएज’, ‘टू हंटर्स’, ‘ब्लॅक कॅस्केड’ असा क्रम निघाला. खाली ‘डायडेम’, मग ‘प्रायमॉर्डियल अर्काना’, मग ‘सेलेस्टाइट’, शेवटी ‘थ्राइस वोव्हन’. ‘सेलेस्टाइट’ तळातून एक पायरी वर आला. बसमधल्या घरघरीवरून ही एक पायरीही मला दिसली नसती.

टप्पा ९: यादी बंद करा

तारीख घाला, वापरलेले हेडफोन आणि आवाजाची खूण लिहा, कागद पाकिटात घाला. महिनाभर कुणाला दाखवू नका. मित्रांना दाखवली की वाद होतो आणि वादात जिंकण्यासाठी आपण स्वतःचा निर्णय ताणतो. महिन्यानंतर पाकीट न उघडता २१ जोड्या पुन्हा सोडवा, मग दोन्ही तक्ते जुळवा. एखाद-दुसऱ्या अल्बमची जागा एकाने हलली तर ठीक. कुणी तीन जागा हलला असेल तर फक्त त्याच अल्बमच्या दोन बैठका परत करा, सगळं नव्याने नको.

नवा अल्बम आला की त्यालाही दोन रात्री द्या आणि आधीच्या सातांशी सात जोड्या लावा. आल्या आठवड्यात नाही, किमान दोन महिन्यांनी.

हे सगळं झालं की अंजनेरीला जा, ढगात बसून हवा तो अल्बम लावा. चढताना आणि उतरताना मात्र दोन्ही कान मोकळे ठेवा. पावसाळ्यात तिथल्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि वरून दगड आला तर आधी कळतो तो आवाजानेच.